उरसातली बकरी

मंगरूळपीरच्या स्टँडवर कामरगावच्या गाडीची वाट पाहता पाहता सोजरबाईचे कान मागच्या बाकाकडे लागले. दोन म्हातारे बोलत होते.

"दिलावरभाऊ, तुमच्या पोराची, मुबश्शिरची दारू सुटली ना?"

"सुटली. पण आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राह्यते. डॉक्टर म्हनते, उदासीचा आजार हाय. गोळ्या चालू हायेत."

"लहानपनी किती बोलका होता!"

"तेच सांगत बसतो त्याले. उरसात यानं बकरी सोडली, थे मिठाईच्या दुकानात घुसली, आमी दोघं कसे पळालो..."

"मंग?"

"रोज चूप. काल भिंतीकडूनच बोलला, 'अब्बा, बकरी नहीं, बकरा था.'"

"अन् तुमी?"

"म्या मुद्दाम म्हनलं, बकरीच होती. उठून बसला भांडाले!"