मधल्या पेडलची चकती

ताई : ती पेन्सिल कानावर ठेवा, मिस्त्री, आणि स्टूल जवळ ओढा. आणखी जवळ. लाकूड कुठलं, रंग कुठला ते सगळं होईल. आधी एक गोष्ट ऐका. ऐकून झाल्यावर तुम्ही एक तर मला हाकलून द्याल, नाही तर देवाला मानायला लागाल.

मिस्त्री : हाकलणं जमेल. बोला. पण अर्धा तास झाला, आणि माझ्या वहीत एवढंच आहे : पेडल स्टील गिटार, दहा तारा, पेडल तीन, गुडघ्याने ढकलायच्या दांड्या चार.

ताई : साडेतीन लिहा. माझा डावा गुडघा बाहेरच्या अंगाला जायचा बंद झालाय.

मिस्त्री : अर्धी दांडी नसते, ताई. ती काढून तिचं काम उजव्या गुडघ्याला देतो. त्याच्यावर मग दोन कामं पडतील.

ताई : घरात माझ्यावर आठ पडतात. द्या. तर गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी मी याच दुकानातून पहिली गिटार नेली. लोक हसले. म्हणाले, चार पायांचं टेबल, वर तारा, खाली पेडल, ही बाई वाजवणार आहे की कपडे शिवणार आहे?

मिस्त्री : माझी बायकोही हेच म्हणायची. पुढे.

ताई : माझा मोठा भाऊ दर रविवारी सभागृहात प्रवचन करतो. गाऊन. बोलता बोलता गाणं, गाता गाता बोलणं, मागे मी.

मिस्त्री : ठाऊक आहे तो प्रकार. लहानपणी आई ओढून न्यायची. गोष्टीतला पापी सुधारेपर्यंत माझे दोन्ही पाय मुंग्यांनी भरायचे.

ताई : पाप्याला वेळ लागतो. तुमच्याकडे बघून कळतंच आहे. तर प्रवचनाच्या शेवटी देवाला हाक मारायची जागा येते. तिथे वरचा स्वर लागतो. दादाचा लागत नाही.

मिस्त्री : म्हणजे?

ताई : केसभर खाली राहतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्ही बोललात तर सगळ्या दुकानासमोर तुमच्यासाठी प्रार्थना करीन, मोठ्याने.

मिस्त्री : बावीस वर्षं बुवा खाली गातात आणि सभागृहात एकालाही कळलं नाही?

ताई : कसं कळणार? तुमची गिटारही तिथे केसभर खालीच थांबते. मधल्या पेडलने तार ताणून स्वर वर चढतो, पण ते शेवटपर्यंत दाबलं तरी तिथे पोचत नाही.

मिस्त्री : अशक्य.

ताई : सूर मोजायच्या यंत्रावर बघितलंय मी, पहिल्याच दिवशी. स्क्रू फिरवून पाहिला, तो पुढे सरकेना. तुमच्याकडे भांडायलाच येणार होते. पण मध्ये रविवार आला. दादा गायला, मी वाजवलं, आणि दोघं नेमके एकाच जागी येऊन थांबले. मी म्हटलं, ही वरून आलेली व्यवस्था आहे. यात मिस्त्रीचा हात लागायला नको.

मिस्त्री : माझ्या दुकानातून आजवर एकही पेडल अपुरं गेलेलं नाही.

ताई : एक गेलंय. आणि मला आता दुसरं हवंय. मधलं पेडल, तेवढंच खाली, केसभरही जास्त नाही.

मिस्त्री : म्हणजे मी मुद्दाम बेसूर वाद्य करू?

ताई : बेसूर नाही हो. दयाळू करा.

मिस्त्री : उठा.

ताई : उठत नाही, गुडघा धरलाय. अहो, नवी गिटार खरी वाजली की सगळ्यांना दादा खाली ऐकू येईल. त्यालाही येईल. मागे एकदा घसा बसला म्हणून त्याने एक रविवार नुसतं बोलून काढला. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला, दोन दिवस जेवला नाही. अडुसष्ट वर्षांचा आहे तो. गाणं सुटलं तर त्याच्याजवळ दुसरं काहीही नाही. एक मी आहे, पण मला तो रोज बघतोच.

मिस्त्री : ताई, मला वाईट वाटतं. पण माझ्या हातून होणार नाही ते. मी देवळात जात नाही, कुणाच्या पाया पडत नाही. माझ्याकडे पाळायला तेवढा एकच नियम आहे.

ताई : विचार करा. मी मागच्या खोलीत तुमच्या लाकडाच्या फळ्या बघते. दादा जुनी गिटार घेऊन येतोच आहे. त्याच्यासमोर यातलं अक्षर काढू नका.

मिस्त्री : उजवीकडच्या मेपलच्या आहेत. डावीकडच्यांना हात लावू नका, वाळतायत अजून... अहो, कोण ते? दार ढकला! आत ढकला, बाहेर ओढू नका!

बुवा : नमस्कार, मिस्त्री! ज्याने लाकडात नाद ठेवला आणि तुमच्या हातात रंधा दिला, त्या दयाघनाचं...

मिस्त्री : गिटारची पेटी खाली ठेवा आधी. ताई म्हणाल्या, तुम्ही उचलली म्हणून तर ही वेळ आली.

बुवा : एकोणीस पायऱ्या होत्या. मी शिस्तीत उतरत होतो.

मिस्त्री : आणि गिटार?

बुवा : ती माझ्या आधी पोचली. बघा, अंग मधोमध चिरलंय. पट्ट्याने आवळून आणलीय. चिमणी कुठाय?

मिस्त्री : कोण चिमणी?

बुवा : माझी बहीण हो.

मिस्त्री : ती मघापासून माझं स्टूल अडवून बसलेली चिमणी? मागे फळ्या ठोकून बघतेय.

बुवा : मग पटकन ऐका. इकडे, कानात. नव्या गिटारचं मधलं पेडल वरच्या स्वरापर्यंत पुरतं पोचलं पाहिजे. बाकी तुम्हाला हवं ते करा.

मिस्त्री : ते का बरं?

बुवा : जुन्याचं पोचत नाही. बिचारी पाय रोवून दाबते, पण स्वर केसभर खाली. मला पहिल्याच रविवारी ऐकू आलं. आता मी तिथे खरा स्वर लावला असता तर काय झालं असतं? सगळ्या सभागृहाला तिचं वाजवणं बेसूर वाटलं असतं. मेहुणे जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्या वाद्याला हात लावला तेव्हा कुठे ती माणसांत आली. मग मी काय केलं, हळूच खाली आलो.

मिस्त्री : आणि?

बुवा : आणि बावीस वर्षं खालीच राहतोय. आता म्हातारपणी एकदा त्या खऱ्या स्वराच्या घरी जावंसं वाटतं. पण तिला सांगू नका हं, जुनं पोचत नव्हतं म्हणून. मन कोवळं आहे तिचं.

मिस्त्री : तिचं? बुवा, खरं सांगा, तुम्हाला तो स्वर लागतो?

बुवा : अहो, झोपेत लागेल!

मिस्त्री : ताई! बाहेर या! फळी घेऊन या नाही तर तशाच या! एका पेडलला दोन गिऱ्हाइकं, एक म्हणतं कमी कर, एक म्हणतं पुरं कर! तुम्ही भावंडं घरून ठरवून आलाय का मला वेड लावायचं?

ताई : मिस्त्री! शब्द दिला होता तुम्ही!

मिस्त्री : दिला नव्हता, तुम्ही परस्पर घेतला होता. बुवा, ही म्हणते तुम्हाला वरचा स्वर लागत नाही. हिने बावीस वर्षं गिटारची खोड दुरुस्त केली नाही, ती तुम्हाला झाकायला. आणि ताई, हे म्हणतात गिटार पोचत नाही, म्हणून हे मुद्दाम खाली गातात, तुम्हाला झाकायला. आता बसा आणि भांडा. मी चहा ठेवतो.

बुवा : मला लागत नाही? मला? चिमणे!

ताई : मुद्दाम? तू मुद्दाम खाली गात होतास? अरे, दर रविवारी तार धरून मी म्हणायचे, आता दादा पडणार, आता पडणार! आणि तू मुद्दाम?

बुवा : तुझी लाज राखायला!

ताई : माझी कसली लाज? माझं वाजवणं चोख होतं!

बुवा : पेडल अपुरं होतं!

ताई : ते तुझ्यासाठी अपुरं ठेवलं होतं! मला एकदा विचारायला काय झालं होतं तुला?

बुवा : आणि तुला? दर रविवारी पाऊण तास लोकांना सांगतो मी, मनातलं मोकळं बोला म्हणून.

ताई : ते तू लोकांना सांगतोस, मी वाजवत असते. कोण ऐकतंय!

मिस्त्री : चहा राहू दे. दोघंही देवाघरी जाल तेव्हा तिथली गर्दी तुमच्या आधी पळ काढेल. पट्टा सोडा. मला बघायचंय माझ्या हातचं पेडल अपुरं कसं राहिलं. धरा, उलटी करा. बुवा, तुम्ही नाही. तुम्ही लांब उभे राहा.

(गिटार टेबलावर उलटी. मिस्त्री एकेक स्क्रू सोडतो, आतून काहीतरी काढून उजेडात धरतो.)

ताई : काय झालं, मिस्त्री?

बुवा : हातात काय धरलंय ते? काय सापडलं?

मिस्त्री : चकती.

ताई : कसली?

मिस्त्री : पितळेची. दांडा जिथे येऊन टेकतो, तिथे. दुप्पट जाड आहे. म्हणून पेडल आधीच अडायचं, म्हणून तुमचा स्क्रू सरकत नव्हता. ही या वाद्याची नाहीच.

बुवा : मग कुणाची?

मिस्त्री : आमच्या घरच्या शिलाई मशीनची. तुम्ही सकाळी न्यायला येणार होता, ताई, आणि आदल्या संध्याकाळी माझ्याकडची चकती फुटली. दुकानं बंद. बायको शिवत बसली होती. तिने मशीन उघडली, ही काढून दिली. म्हणाली, उद्या परत आण, नाही तर मशीन खडखड करते. मी म्हटलं, सकाळी नवीन बसवून ही आणतो.

ताई : आणि सकाळी?

मिस्त्री : सकाळी तुम्ही उजाडायच्या आत दारात उभ्या होता.

ताई : घाई होती मला.

मिस्त्री : चूक तुमची नाही. चूक माझी आहे, आणि मी मघाशी छाती पुढे काढून सांगत होतो, माझ्या दुकानातून एकही अपुरं गेलं नाही म्हणून. थांबा, आता आहे तशीच, चकतीशिवाय लावतो, पट्टा परत आवळून सरळ उभी करतो. ताई, दाबा. तार वाजवा.

ताई : बाई गं! हे किती वर गेलं.

मिस्त्री : खरं आहे ते. बुवा, चला. झोपेत लागतो म्हणालात ना, जागेपणी लावून दाखवा.

बुवा : हे बघा. आऽऽ...

ताई : खाली.

बुवा : घसा साफ नव्हता. आऽऽ...

मिस्त्री : खालीच.

बुवा : परत वाजव, चिमणे. मोठ्याने वाजव. आऽऽऽ...

ताई : दादा...

बुवा : कळलं मला. मला आता ऐकू येतंय. म्हणजे नाटक करता करता तेच खरं होऊन बसलं. राहू दे. पुढच्या रविवारपासून मी बोलूनच सांगत जाईन. लोकांना घरी लवकर जाता येईल, तेही सुखी.

ताई : मिस्त्री, बघितलंत? हेच होणार होतं. बसवा ती चकती परत. आत्ता बसवा!

मिस्त्री : दोघंही गप्प. बुवा, तिसऱ्या खेपेला शेवटी काय केलंत?

बुवा : काय केलं?

मिस्त्री : खाली लागलात, आणि मग तिथूनच सरकत वर गेलात. गेलात की नाही? परत करा. ताई, तुम्ही नुसती तार धरा.

बुवा : आऽऽ... ऽऽऽ...

ताई : पोचला! दादा, पोचलास तू!

मिस्त्री : हं.

बुवा : मिस्त्री, तुमच्या डोळ्यात पाणी?

मिस्त्री : लाकडाचा भुसा आहे. हे दुकान आहे.

बुवा : अहो, मागणारा माणूस आधी खाली उभा असतो, आणि मग त्याच्याकडे बघून तो दयाळू...

मिस्त्री : प्रवचन नको, भुसा म्हटलं ना. ऐका, मी काय करतो ते. नव्या गिटारच्या मधल्या पेडलला अर्धा थांबा देतो. आत एक जादा स्प्रिंग. ताई, तुम्ही पाय दाबलात की केसभर खाली येऊन पेडल टेकेल, तळपायाला कळेल. तिथे हवं तेवढं थांबा. यांनी खालचा स्वर धरला की मग जोर द्या, पेडल पुढे जाईल, पुरतं. हे आणि तुम्ही बरोबर चढायचं.

ताई : आणि एखाद्या रविवारी हा चढलाच नाही तर?

मिस्त्री : तर तुम्हीही चढू नका. बावीस वर्षं जमलंय ना!

बुवा : आणि तुमचा नियम? अपुरं करत नाही तो?

मिस्त्री : अपुरं कुठाय? पुरं आहे, फक्त वाटेत एक जागा आहे. लिहितो वहीत. मेपल. दहा तारा. दांड्या तीन...

ताई : साडेतीन.

मिस्त्री : तीन! रंग?

बुवा : आभाळी.

ताई : काळा. हा पाडणारच परत, काळ्यावर चरे दिसत नाहीत.

मिस्त्री : दिसतात. पण काळा.

ताई : आणि मिस्त्री, ती चकतीसुद्धा नव्यात बसवा ना कुठेतरी. आमच्या उपयोगाची नाही, पण असू दे. एवढी वर्षं बरोबर होती.

मिस्त्री : नाही. ती देता येणार नाही. परत करायचीय.

बुवा : वहिनींना? मी स्वतः येतो, हात जोडतो त्यांना. त्यांची चकती म्हणजे आमचं अर्धं प्रवचन!

मिस्त्री : ती सहा वर्षांपूर्वी गेली, बुवा.

बुवा : मला ठाऊक नव्हतं.

मिस्त्री : कसं असणार? मशीन शेवटपर्यंत खडखडत होती. मी म्हणायचो, तेल घाल. ती म्हणायची, तेल नको, चकती आण. मला तर आठवतही नव्हतं कुठली चकती. आज घरी जाऊन बसवतो.

ताई : आता शिवतं कोण?

मिस्त्री : कुणी नाही. तरी बसवतो. ताई, तुम्ही त्या अर्ध्या थांब्यावर येऊन टेकाल ना, वर जाण्याआधी... मला प्रार्थनाबिर्थना काही येत नाही. पण तिथे तुमचा पाय थांबला की एकदा तिची आठवण ठेवा. उद्या परत आणतो, असं सांगितलं होतं मी तिला.