सहा पौंड कमी

आयोवातल्या मोटार शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवर, तळलेल्या पोर्कच्या सँडविचसाठी लागलेल्या रांगेत व्हर्लाच्या मागे दोन म्हातारे उभे होते.

"कर्टिस जिंकला म्हणे, गेलन?"

"जिंकला कसला! स्ट्रीट स्टॉक म्हणजे सगळ्यात खालचा गट. तिथे जिंकणं म्हणजे भंगारात पहिला येणं."

"अकरा वर्षांनी आला रे पहिला."

"आणि काट्यावर बाद झाला. ड्रायव्हरसकट गाडी नियमापेक्षा सहा पौंड कमी भरली."

"वाटेत काही गळून पडलं की काय?"

"पोट पडलं त्याचं! बायकोने काकडीवर ठेवलंय."

"वरच्या गटातले लेट मॉडेलवाले तर वजनासाठी मुद्दाम गाडीला शिसं बांधतात."

"याच्याकडे घरचं शिसं होतं, ते तिने वितळवलं."

"पुढच्या शनिवारी फायनल आहे ना?"

"तोवर हा वाऱ्याने उडेल, गाडीसकट."

रांग सरकली. खिडकीतली बाई म्हणाली, "काय गं व्हर्ला, तुला एक सँडविच आणि कर्टिसला काकडी, नेहमीचंच ना?"

मागच्या दोघांनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या.

"नाही, त्याला चार सँडविच दे," व्हर्ला म्हणाली. "आणि काकडी या दोन आजोबांना दे, माझ्याकडून."