वापरात नसलेलं पाणी

स्नेहा : चोचले, बाबा. मी ‘चोचले’ म्हणाले. ‘वाईट’ म्हणाले नव्हते.

शेखर : चार माणसांत म्हणालीस. आमच्या मासेमारीच्या क्लबची सगळी मंडळी आपल्याकडे जेवायला बसलेली, आणि घरचीच मुलगी आमटी वाढता वाढता म्हणते, फ्लाय फिशिंग म्हणजे श्रीमंतांचे चोचले! अध्यक्ष आहेत पाटणकर क्लबचे. त्यांचा घास हातातच राहिला.

स्नेहा : राहिला कुठे? तिसरी पोळी त्यांनी त्यानंतरच मागितली.

शेखर : म्हणून तर आज सोमवारचं काम टाकून तुला इथे आणलं. डोळ्यांनी बघ. धरणाचं पाणी, ही काठी, हा दोरा. यात श्रीमंती कुठे आहे ते दाखव.

स्नेहा : काठी स्कॉटलंडहून आलीय.

शेखर : सेकंडहँड आहे!

स्नेहा : स्कॉटलंडहून सेकंडहँड. आणि ही छातीपर्यंतची रबरी विजार? पाणी तर तुमच्या गुडघ्यालाही लागत नाहीये.

शेखर : फेब्रुवारीतलं पाणी आहे, बाळा. माझ्या गुडघ्यांचं वय बघ. ते सोड, ही माशी बघ. मासा हिला खरा किडा समजतो आणि येतो. मी बांधलीय ही, माझ्या हातांनी. पिसं कुठली? सातपूरच्या इनायतभाईंच्या चिकनच्या दुकानातली. लाल कोंबड्याच्या मानेची पिसं ते माझ्यासाठी वेगळी पुडीत ठेवतात. धागा कुठला? आपल्या कारखान्यातला ओवेस मालेगावहून आणतो, त्याच्या मामाच्या यंत्रमागाखाली पडलेला. आता सांग, चोचल्यांना मागाखालचा धागा लागतो का?

स्नेहा : इनायतभाई कधी आलेत इथे मासे धरायला?

शेखर : त्यांचं दुकान असतं.

स्नेहा : आणि ओवेस?

शेखर : त्याची शिफ्ट असते.

स्नेहा : हं.

शेखर : हं काय? माझे वडील सातपूरला तीस वर्षं लेथवर उभे होते. आपण कसले श्रीमंत?

स्नेहा : आजोबा उभे होते. तुम्ही मालक आहात.

शेखर : बारा माणसांचा कारखाना, स्नेहा! त्यातले दोन कायम सुट्टीवर.

स्नेहा : बाबा, मी छंदावर नाही हो चिडलेय. तुम्ही तो दोरा हवेत फिरवता ना, तेव्हा फार छान दिसता. मैत्रिणींना व्हिडिओ दाखवते मी. मला फक्त तुमच्या खिशातला तो अर्ज आवडत नाही.

शेखर : त्यात न आवडण्यासारखं काय आहे? धरणातली मासेमारी गावच्या संस्थेकडे. त्यांची जाळी असतात तिकडे, खोल पाण्यात. हा ओढ्याच्या तोंडापासून त्या बाभळीपर्यंतचा उथळ पट्टा त्यांनी आमच्या क्लबसाठी राखून ठेवायचा, बस. सहा वर्षं येतोय मी इथे. एक माणूस कधी दिसलेला नाही. संस्थेचे सचिव सावळीराम आहेत, ते येतीलच आता. त्यांचा एक शिक्का बसला की परवाच्या बैठकीत काम झालंच.

स्नेहा : आणि मग तारेचं कुंपण.

शेखर : कुंपण नाही. पाटी. नुसती पाटी.

भागुबाई : ओ दादा! पाण्याला कशापायी मारू राहिले?

शेखर : अं? नाही मावशी, मासे धरतोय.

भागुबाई : असे? मी मघापासून त्या बांधावरून बघू राहिले. म्हटलं, माणूस चाबूक तं झोकात मारतो, पण बैल कुठं हाय?

स्नेहा : आजी, हे मला आधी सुचायला हवं होतं!

शेखर : याला फ्लाय फिशिंग म्हणतात, मावशी. टोकाला पिसांची माशी असते. ती पाण्यावर अलगद उतरवायची, माशाला कळलं नाही पाहिजे.

भागुबाई : मंग किती घावले?

शेखर : आज अजून नाही.

भागुबाई : अन् रोज?

शेखर : कधी दोन, कधी तीन. पण आम्ही सोडून देतो.

भागुबाई : सोडून देता? पुन्हा पाण्यात?

शेखर : हो. धरायचा, एकदा बघायचा, सोडायचा.

भागुबाई : बघायचाच व्हता तं त्याच्या तोंडात काटा कशाला टोचला? वरूनच बघायचा ना.

स्नेहा : बाबा, द्या उत्तर. मी ऐकतेय.

शेखर : मावशी, ते शब्दांत नाही सांगता येत. या, तुम्हीच बघा करून. या ना! काठी अशी धरायची. मागे न्यायची, क्षणभर थांबायचं, दोरा मागे सरळ झाला की पुढे.

भागुबाई : नको गं बाई. महागाचं असंल, मोडून बसंल.

स्नेहा : मोडू द्या, आजी. सेकंडहँड आहे.

भागुबाई : आणा मंग. गोफण फिरवली हाय मी जन्मभर, बाजरीवरची पाखरं हाकायला. ही तं काठीच. मागं... अन् पुढं!

शेखर : टोपी! माझी टोपी गेली!

भागुबाई : अगं आई गं! तुमची टोपीच घावली का? मंग हिला धरू का सोडू?

स्नेहा : मला हसवू नका, आजी, माझा फोन पाण्यात पडेल.

शेखर : हरकत नाही, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. मी या काट्याने स्वतःचाच कान धरला होता. फक्त मागे गेल्यावर थांबा. एक श्वास. हां. आता सोडा. वा! मावशी, वा! मला हे शिकायला सहा महिने लागले होते!

भागुबाई : दादा, ते ओढू राहिलंय.

शेखर : काय?

भागुबाई : कोणतरी आतून ओढू राहिलंय!

शेखर : लागला! काठी वर! दोरा हळूहळू घ्या. घाई नको. स्नेहा, बघ, बघ. चिलापी आहे! चांगली तळहाताएवढी!

स्नेहा : सकाळपासून तुम्हाला एकही नाही, बाबा.

भागुबाई : अवं, मज्जा हाय की याच्यात! हाताला कसं गुदगुल्या झाल्यावानी झालं. म्हातारपणी काय काय बघायचं ते.

शेखर : ऐकलंस, स्नेहा? हे मला म्हणायचं होतं. हे कुणालाही आवडू शकतं. द्या मावशी, काटा काढून देतो, मग सोडून देऊ तिला.

भागुबाई : सोडू? येडे का काय!

शेखर : नाही, म्हणजे सोडायचा नियम आहे.

भागुबाई : कुणाचा?

शेखर : क्लबचा.

भागुबाई : मी कुठं तुमच्या क्लबात हाय? ती माझी टोपली द्या इकडं.

स्नेहा : ही घ्या, आजी. आणि या टोपलीत हे लुगडं कशाला आणलंय?

भागुबाई : मासे धरायला. आमचं हेच जाळं. नऊवारी जुनं झालं की ते पाण्यासाठी ठेवायचं. दोघींनी दोन बाजू धरायच्या, उथळ पाण्यात वाकून ओढत आणायचं अन् एकदम उचलायचं. झिंगे, बारीक मासळी, जे येईल ते. सात-आठ जणी येतो आम्ही, कांद्याच्या निंदणीला जायच्या आधी. दुपारच्या भाकरीसोबत कोरड्यास होतं, उरलं तं वाळवायचं.

शेखर : कुठे येता?

भागुबाई : इथंच की. ओढ्याच्या तोंडापासून त्या बाभळीलोक. पुढं पाणी खोल, लुगडं चालत नाय.

शेखर : कधीपासून?

भागुबाई : धरणाचं पाणी आलं तव्हापासून. तीसेक वर्षं झाली असतील. आज लग्नघर हाय गावात, बाकीच्या तिकडं गेल्या. माझी जाऊ अक्काबाई येणार व्हती, तिचाबी पत्ता नाय. एकलीला लुगडं ओढता येत नाय, म्हणून तं तुमचा खेळ बघत बसले.

शेखर : मावशी, पण मी सहा वर्षं येतोय. मला तुम्ही कुणी कधीच दिसला नाहीत.

भागुबाई : कोणत्या दिवशी येता?

शेखर : शनिवारी. सातपूरला आम्हाला शनिवारची सुट्टी असते.

भागुबाई : शनिवारी तं आमचा बाजार! सगळं गाव बाजारात जातं. शनिवारी इथं कुत्रंबी सापडायचं नाय तुम्हाला.

स्नेहा : बाबा.

शेखर : ऐकतोय मी.

स्नेहा : सहा वर्षं, बाबा. दर शनिवारी.

शेखर : ऐकलं म्हटलं ना!

भागुबाई : तिच्यावर कशाला वरडता? तुमचा चेहरा का उतरला, दादा? चिलापीचं वाईट वाटलं का?

शेखर : नाही, मावशी. मला सांगा, तुमच्या गावात संस्थेची बैठक आहे ना, परवा?

भागुबाई : हाय की. आमचे मालकच सचिव हायेत, सावळीराम. शहरातला कोणी क्लब पाणी मागू राहिला म्हणे. मी विचारलं, कोणतं पाणी? तं म्हणाले, वापरात नसलेलं. म्हटलं, असंल कुठलं तरी पल्याडच्या अंगाचं. देऊन टाका, आपल्याला काय.

स्नेहा : बाबा, तुम्ही सांगताय की मी सांगू?

शेखर : मी सांगतो. मावशी, तो अर्ज मी लिहिलाय. हा बघा, खिशातच आहे. पाणीही हेच. हाच पट्टा, ओढ्याच्या तोंडापासून बाभळीपर्यंत.

भागुबाई : वाचा.

शेखर : आता राहू द्या ना.

भागुबाई : वाचा, साहेब. मला वाचता येत नाय, ऐकता येतं.

शेखर : “सदर उथळ पट्टा स्थानिकांच्या वापरात नसून, तेथे संस्थेच्या कोणत्याही सभासदाची मासेमारी चालत नाही. तरी तो क्लबच्या सदस्यांसाठी राखीव ठेवावा व इतरांस मज्जाव करावा.”

भागुबाई : इतरांस म्हंजे मी.

शेखर : तुम्ही माझ्या डोक्यातही नव्हता, मावशी.

भागुबाई : तेच म्हणू राहिले मी.

(भागुबाई टोपलीतलं लुगडं काढते, झटकते आणि पुन्हा घडी घालू लागते.)

स्नेहा : आजी, सावळीरामआजोबांना माहीत नाही का, तुम्ही इथे येता ते?

भागुबाई : चांगलं ठाऊक हाय. रोज खातात की! पण मासेमारी म्हंजे बाप्यांचं जाळं अन् होडी. सभासद म्हंजे बाप्ये. लुगड्याला कोण मासेमारी म्हणतो? ते यांचं लिहिलेलं वाचतील अन् खरंच शिक्का मारतील. लबाडीनं नाय हो, सरळ मनानं. त्यांचाच राग येऊ राहिला मला जास्त.

शेखर : राग माझ्यावर काढा. मी हा अर्ज फाडतो, मावशी, आत्ता तुमच्यासमोर फाडतो.

भागुबाई : फाडून काय व्हईल? तुमचा क्लब दुसरा लिहील. लिहिणाऱ्यांची काय कमी हाय.

शेखर : मग मी काय करू?

भागुबाई : परवा बैठकीला या. सगळ्यांम्होरं सांगा, मी शनिवारचं पाणी बघून लिहिलं, बाकीच्या दिवशीचं मला ठाऊक नव्हतं. आमी बाया सांगायला गेलो तं चहा करायला लावतील. तुमचं ऐकतील.

शेखर : पाटणकर असतील तिथे. क्लबचे सगळेच असतील.

भागुबाई : असू द्या.

शेखर : हसतील मला.

भागुबाई : मघाशी टोपी गेली तव्हा मी हसले. काय झालं तुम्हाला?

स्नेहा : बाबा, मी येते तुमच्याबरोबर. पाटणकरकाका काही म्हणाले तर मी त्यांना आमटी वाढणार नाही.

शेखर : तू गप्प बस. नाही, गप्प नको बसू. तुझं बरोबर होतं, स्नेहा. मला राग त्याचाच आला होता. लेथवरच्या माणसाचा मुलगा मी, मला कोणी श्रीमंत म्हटलं की लाज वाटते. आणि पाटी लावायचं ठरवताना वाटली नाही. मावशी, मी येतो परवा. सांगतो.

भागुबाई : नक्की?

शेखर : नक्की. आणि अजून एक. तुमची जाऊ आली नाही म्हणालात. दुसरी बाजू मी धरली तर चालेल?

भागुबाई : तुम्ही?

शेखर : मला येत नाही. पण शिकेन.

भागुबाई : ती रबराची विजार काढा आधी. वाकताना आत पाणी शिरलं तं तुम्हालाच लुगड्यात घालून बाहेर काढावं लागंल.

स्नेहा : काढा, बाबा! काठी माझ्याकडे द्या.

शेखर : बाप रे! किती गार आहे हे! मावशी, तुम्ही रोज यात उभ्या राहता?

भागुबाई : पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. धरा. खाली टेकवा, तळाला. आता चाला, पण पाय उचलू नका, घासत चाला. पाणी हललं की झिंगे पळतात. अवं, कमरेत वाका! मी काय एकलीच वाकू?

शेखर : वाकतोय, वाकतोय. कंबर म्हणजे... आई गं.

स्नेहा : बाबा, बांधावर एक आजोबा आलेत. पांढरी टोपी, बगलेत वही. हाताने खुणावतायत.

शेखर : सावळीराम आले वाटतं. सावळीरामभाऊ! शिक्का राहू द्या! परवा बैठकीत मला बोलायचंय, आधी ते ऐका!

स्नेहा : काही कळलं नाही त्यांना. तुम्हाला असं बघून नुसते उभे राहिलेत.

शेखर : थांबा मावशी, जाऊन सांगून येतो त्यांना.

भागुबाई : त्यांना सांगायचं ते मी घरी सांगते. तुम्ही तुमच्याकडचं टोक उचला, दादा, मासे चालले.