भोंगा ओरडला तेव्हा

—न्हाई, भोंग्याची मशीन देणार न्हाई. दारात आलेल्या माणसाला बसा म्हणायचं म्हणून म्हणले, विष्णुपंत, त्याचा भलता अर्थ काढू नका. रेल्वेच्या इंजिनशेडाच्या मोठ्या साहेबाचा निरोपाचा जल्सा हाय, भाषणं व्हायचीत, भोंगा पायजे — ऐकलं मी समदं. आन् वरून मला म्हणायलाव, नवऱ्याला, मुंजाजीला म्हणावं झालं गेलं इसरून जा. कुणी इसरायचं? लाथ तुमी मारली. हनुमानजयंतीला, मारुतीच्या देवळात, भर कीर्तनात. आमच्या घरच्यांनी हातानं बांधलेली मशीन जिंतूरच्या बुवांपुढं तुमी पायानं उलटी केली — काचंचा वॉल्व्ह फुटला, काच येचताना त्यांचा अंगठा चिरला — आन् तुमी, शेडाचे हेडक्लार्क, बुवांना वारा घालत बसलाव.

मुद्दाम केलं म्हणता. तवापासून गावभर तेच सांगायलाव. भोंगा किंचाळायला लागला, समद्यांनी कानात बोटं घातली, बाया लेकरं घेऊन उठल्या, आन् हा बाबा हासत उभा, बटन पिळून आवाज अजून वाढवायलाय. दिसलं तसं, मी कुठं न्हाई म्हणते? पण मुद्दाम कशाला करतील ते? लढाई संपल्यावर सिकंदराबादला फौजेचं मोडीतलं सामान निघालं, त्यातून एकेक जिन्नस हुडकून आणला, ड्युटीवरून आले की जेवायच्या आधी कथलाचे डाग देत बसायचे. अशा माणसाला आपलीच मशीन चारचौघात बदनाम करायची हौस असती का? देवळात तर तुमीच नेली. ती देवळासाठी बांधलीच नव्हती. ती तर — जाऊ द्या.

आन् ते तुमचे शहाणे म्हणले, माईक भोंग्याच्या तोंडापुढं आला म्हणून ओरडली. खोटं हाय. नवा वॉल्व्ह मिळाल्यावर आमी घरी माईक गोधडीत गुंडाळून बघितला, मग त्याची वायरच उपसून टाकली — तरी शिट्टी चालूच. मग म्हणले, रोग पोटात हाय. झाकण काढलं, वाळकी बांबूची काडी घेतली — आत हात लावला तर माणूस जागीच खपतो — आन् एकेक तार हळूच ढकलायला लागले. ते काडी हलवायचे, मी समोर बसायची. शिट्टी वाढली की हात वर, उतरली की हात खाली. मधीच म्हणले, गेली. मी मान हलवली, न्हाई गेली, सुईवानी बारीक हाय अजून. पुन्हा काडी. कितीक इतवार गेले त्यात. शेवटी घावलं — भोंग्याकडं जाणारी तार माईकच्या तारंला खेटून गेलती. बाहेर जायचा आवाज चोरपावलानं पुन्हा आत, मोठा होऊन बाहेर, पुन्हा आत. तार आखूड केली, दुसरीकडून नेली, मधी पत्रा घातला. शिट्टी पार गेली, मी दोन्ही हात मांडीवर ठेवले तवा त्यांनी बटन बंद केलं.

काय म्हणलाव? हातानं कामून सांगायचं? कामून म्हणजे — बारीक आवाज त्यांना येत न्हाई म्हणून. बॉयलरच्या पोटात बसून हातोडे हाणायचे, कान कसे राहतील? इंजिनाचा धडधडाट येतो, गड्याचं जाड बोलणं येतं, शिट्टी न्हाई येत. देवळात बी तेच झालं. तुमच्या कानाला भोकं पडायली होती आन् त्यांना वाटलं, बुवांचा आवाज मागपोतर पोचंना, म्हणून वाढवला. हासले ते तुमाला न्हाई हासले, एवढी माणसं आपली मशीन ऐकायलीत म्हणून हासले. बायामाणसाचं बोलणं तर कवाच येईना झालंय. पयले मी ओव्या म्हणायला लागले की दाराशी येऊन बसायचे. एक दिवस म्हणले, धुरपते, तू म्हणायचं कामून सोडलंस? मी सोडलं नव्हतं हो. त्यांच्या शेजारी बसून म्हणायली होते. त्याच्यासाठी बांधली ती मशीन. दुरुस्त झाली त्या दिवशी माईक माझ्यापुढं ठिवला आन् भोंग्यात मुंडकं घालून बसले. माझ्या ओव्या सरल्या तरी उठंनात.

अंगणात त्यांच्याकडं असं काय बघायलाव?

पंत — कुणाला दवाखान्यात कान तपासायला पाठवायचं ते तुमच्याच टेबलावरून जातं, न्हाई का. बॉयलरवरच्या आश्रुबाला पाठवलं, कान गेलेले निघाले, त्याला पुन्हा शेडात घेतलंच न्हाई. मी आपलं बोलायच्या भरात बोलले, बाईमाणसाचं काय एवढं. येतं त्यांना ऐकू. समदं येतं. ते काय, अंगणात पाठमोरे बसलेत, तुमच्यादेखत हाक मारते. अहो. अहो, शेडातले पंत आलेत.

अहो.

कामात हाईत. मशीन त्या दाराआड हाय, भोंगा बी तिथंच. घेऊन जावा. जल्सा झाला तरी परत आणू नका, राहू द्या तुमच्यापाशीच. मीच दिली म्हणून सांगते त्यांना. आता उठा, पंत, ते वळून बघायच्या आत.