प्रश्न चौथा, गुण पाच

अहो, त्या वह्या आधी पिशवीत घाला, मग बोलतो मी! नाही, नाही, पाय दाखवीन, मी कुठं नाही म्हणतोय? निम्म्या तालुक्यानं बघितलाय माझा पाय, सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याचे दात बघतात तसा उलटासुलटा करून बघितलाय, आणि तुम्ही तर धुळ्याच्या कॉलेजातून एसटीचे धक्के खात, चिखल तुडवत आलात, तुम्हाला कसा नाही म्हणणार... पण तुमच्या कागदावर काय छापलंय ते मी न बघता सांगतो. प्रश्न पहिला, नारूचा जीवनक्रम लिहा. दुसरा, रोग्याची आकृती काढून भागांना नावे द्या. तिसरा, रोगाचा उगम कोठे? आणि चौथा, उपाय सुचवा, गुण पाच! बरोबर ना? बघा, बघा, एकेकाचे चेहरे बघा! बसा आता. त्या खाटेवर नको, तिची दोरी तुटलीय, इकडे ओट्यावर बसा.

तुम्हाला सांगतो, महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या साली आमच्या गावात हायस्कूल निघालं. तापीकाठचं गाव, कपाशी आहे, केळी आहे, आम्हा गुजरांची घरं खाऊनपिऊन सुखी, पण सातवीच्या पुढं शिकायचं तर नंदुरबारला जा. पोरं जायची, पोरींचं कोण बघतो? म्हणून शाळा निघाली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी माझ्या प्रमिलाचं नाव घातलं. एकुलती एक पोर, डोकं असं तल्लख की बाजारातला हिशेब बोटं न मोडता करते. आमची दगूबाई, म्हणजे माझी आत्या, या ओट्यावर उभी राहून ओरडली, ‘मगन, पोरले इतलं शिकाडीसन काय करशी रे? कलेक्टर करशी का?’ मी म्हटलं, करीन! मन्ही पोर शे, मी करीन! गाव हसलं. हसू दे म्हटलं. अशी मला शिक्षणाची हौस, ती कुठं भोवली ते ऐका.

गेल्या वैशाखात माझ्या घोट्यावर फोड आला. आग अशी की रात्रंदिवस पाय पाण्यात बुडवून बसावंसं वाटावं, आणि फोड फुटला तसं पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर डोकावलं. नारू! आमच्याकडे त्याचं काही कौतुक नाही, दर उन्हाळ्यात दोघाचौघांना असतोच. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची काडी घ्यायची, दोऱ्याचं टोक तिला गुंडाळायचं, रोज थोडं थोडं ओढायचं, वर एरंडाचं पान बांधायचं आणि गप पडायचं. घाई केली, दोरा आत तुटला, की पाय गेलाच म्हणा, असा सुजतो. तर मी आपला या ओट्यावर गप पडलो होतो. पडू दिलं का कुणी?

कारण सुट्टी लागताना करणसिंग सरांनी पोरांना स्वाध्याय दिला! करणसिंग सर म्हणजे आमचे विज्ञानाचे मास्तर, बाहेरगावचे, परीटघडीचे कपडे, आणि बोलणं असं की धडा वाचून दाखवतायत. ‘विद्यार्थीमित्रांनो, निसर्ग हीच आपली प्रयोगशाळा! आपल्या गावातील रोगी शोधा, निरीक्षण करा, आकृती काढा!’ आता गावातला रोगी शोधायला लांब कशाला जायला पाहिजे? मगनकाका ओट्यावर आयते पसरलेत! सकाळी उठून बघतो तर आठवीचा वर्ग माझ्या पायापाशी मांडी घालून बसलाय. ‘काका, पाय थोडा उजेडात घ्या.’ ‘काका, हलू नका, घोटा चुकतो.’ ‘काका, तो दोरा आज काल्हेपेक्षा कमी का दिसी ऱ्हायना?’ कमी दिसतोय! जसं काय मी त्यांच्या गुणांसाठी आतून ढकलायला पाहिजे होता!

आणि ती चित्रं... एकानं पाय असा काढला की मी विचारलं, बैल कुणाचा? एकीनं बाण मारून नावं दिली: टाच, घोटा, कृमी, आणि वर माझ्या थोबाडाला बाण मारून लिहिलं, यजमान. यजमान! मी म्हटलं, बाई, मी काय नारळ-सुपारी देऊन आवतण धाडलं होतं का त्याला? तर म्हणते, ‘पुस्तकमा तसंच शे, काका.’ पुस्तकात तसंच असेल तर आपण कोण बोलणारे!

बरं, चित्र काढून गप बसावं ना? नाही! पाठांतर! दिवसभर माझ्या उशाशी ओरडतायत, पाढे म्हणतात तसं. ‘नारूचा उगम पायविहिरीत होतो! रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, कृमीची पिल्ले पाण्यात जातात, पाण्यातले सूक्ष्म किडे ती गिळतात, ते पाणी माणूस पितो, आणि सुमारे वर्षभराने कृमी पायातून बाहेर पडते! उपाय, पायऱ्या बुजवाव्या, कठडा बांधावा, गडगडी बसवावी! पाणी फडक्याने गाळून प्यावे!’ मी ऐकतोय. एकदा ऐकलं, दहादा ऐकलं, आणि मग उठून बसलो. म्हटलं, अरे! हे खरंय का? आमची पायविहीर! जिच्यात बाया गुडघाभर पाण्यात उतरून हंडे भरतात, जिच्यात मी स्वतः आदल्या दिवशी पाय बुडवून, हाय, किती बरं वाटलं म्हणत बसलो होतो! इलाज इतका सोपा आहे? दगड आपल्या शिवारात, गवंडी आपल्या गावात, आणि आम्ही आजोबा-पणजोबांपासून पायांना काड्या बांधून बसलोय?

माझ्या पायाचं सोडा हो. पण प्रमिला! रोज तिच्या आईबरोबर ती पोर त्याच पायऱ्या उतरते, तेच पाणी पिते! तुम्हाला सांगतो, माझ्या पायातली आग विसरलो मी. प्रमिलाच्या आईला हाक मारली, मंगला, म्हटलं, तुझं जुनं लुगडं फाड, दुहेरी कर, आजपासून या घरात पाण्याचा थेंब गाळल्याशिवाय कुणाच्या तोंडात जायचा नाही! तिनं फाडलं. त्या दिवसापासून आजवर एक दिवस खंड नाही.

घराचं झालं. गावाचं काय? आमचा सालदार झिपरू, त्याच्या पाठीवर बसून गेलो मी पंचायतीत. या वयात! सरपंच चुनीलालभाई, माझ्या नात्यातले, तक्क्याला टेकून सुपारी कातरतायत. मी सगळा जीवनक्रम म्हणून दाखवला, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणाले, ‘हाई तुले कोणी सांगं?’ मी म्हटलं, पोरांनी. स्वाध्यायात आहे, प्रश्न चौथा, गुण पाच! तेव्हा कसे हसले माहितीय? म्हणाले, ‘अरे येडा, तो लिखाना उपाय शे! तो करतंस का कोणी?’

म्हणजे बघा! लिहायचा उपाय वेगळा, करायचा उपाय वेगळा! मी आपला अडाणी, मला वाटलं एकच असतो!

तेवढ्यात दगूबाई आली, तिला कुणी बोलावलं देव जाणे. ‘पायऱ्या बुजाडशात? मंग नवी सून पाणी पूजाले कोठे उतरी? बाळंतीण कोठे जाई? बादलीमा हळदकुंकू टाकू का?’ आमच्यात सून घरात आली की पायऱ्या उतरून विहिरीच्या पाण्याला ओटी भरते, बाळंतीणही तशीच उतरते, त्याशिवाय ती घागरीला हात लावत नाही. मी म्हटलं, आत्या, कठड्याला पूज ना, पाणी तेच आहे! तर म्हणे, ‘कठडा काय पाणी शे का?’ सगळ्या बाया तिच्या बाजूनं. मी म्हटलं, थांबा, शिकलेल्या माणसाला बोलवू, करणसिंग सरांना बोलवा, ते सांगतील!

आले. त्यांनीच शिकवलेलं, त्यांचंच पुस्तक, माझा केवढा भरवसा! आणि सर काय म्हणतात? घसा साफ करून, ‘मगनभाऊंचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे.’ मी सगळ्यांकडे बघितलं, ऐका म्हटलं! ‘परंतु दिवाळीनंतर जिल्ह्याहून इन्स्पेक्टरसाहेब आपला उपक्रम पाहण्यास येत आहेत. विहीर आताच बंद केली तर विद्यार्थी निरीक्षण कशाचे करतील? पाण्याचे नमुने कोठून आणतील? तेव्हा उपक्रम पूर्ण होईतो विहीर आहे तशी राहावी, अशी माझी नम्र विनंती.’ आहे तशी राहावी! चुनीलालभाईंनी तेव्हाच मान डोलावली, ठराव झाला, सरांना चहा झाला. माझा पाय तिथंच होता, त्याला कुणी विचारलं नाही.

बरं, विचारलं, खोटं कशाला बोलू! सरांनी विचारलं. निघताना माझ्यापाशी वाकले, डोळे असे चमकले, म्हणाले, ‘मगनभाऊ, संपूर्ण कृमी मिळाली तर काचेच्या बरणीत ठेवता येईल. इन्स्पेक्टरसाहेबांना फार आवडेल.’ आणि मी हो-नाही म्हणायच्या आत काडी धरली हो त्यांनी, आणि ओढली! मी ओरडतोय, सर, हळू, सर, तुटंल, सर...! तुटला. सरांच्या हातात एवढासा दोरा, बाकीचा माझ्या पायात. सर त्या तुकड्याकडे बघून म्हणतात, ‘अरेरे, नमुना अपूर्ण राहिला!’

पाय भोपळ्यासारखा सुजला. पू झाला, ताप चढला, पेरणी झिपरूनं एकट्यानं उरकली, श्रावण सरेपर्यंत मी खाटेवर. अजून टाच टेकत नाही, बघा... हे असं चालतो. असू द्या. इन्स्पेक्टर आले, बरणीत तो तुकडा बघितला, पोरांची चित्रं बघितली, विहिरीच्या काठी उभं राहून फोटो काढला आणि वहीत शेरा दिला, उपक्रम उत्तम, दरवर्षी चालू ठेवावा. दरवर्षी! आता विहिरीला हात लावायची कुणाची छाती?

आणि इन्स्पेक्टर यायच्या आधीच, भादव्यात खाटेवरून उठलो तेव्हाच मी म्हटलं होतं, मरू दे विहीर, निदान शाळेतला माठ! पोरं दिवसभर शाळेतल्या माठाचं पाणी पितात, तो त्याच विहिरीवरून भरतात. माझी प्रमिला घरी गाळलेलं पिते आणि शाळेत? लंगडत गेलो सरांकडे, बरोबर मंगलानं घडी घालून दिलेलं फडकं. म्हटलं, सर, एवढं माठाच्या तोंडाला बांधा, आमच्या घरचं आहे, धुतलेलं आहे. सरांनी फडकं हातात घेतलं, उलटून बघितलं, म्हणाले, ‘गाळणे हा उपाय आपण दुसऱ्या सत्रात घेणार आहोत.’ सत्रात! अहो, तहान काय सत्र बघून लागते? फडकं खुंटीला टांगलं. दुसऱ्या सत्रात त्याच फडक्यानं फळा पुसत होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. प्रमिलाला म्हटलं, बेटा, घरून तांब्या ने. नेला बिचारीनं चार दिवस. वर्गातल्या पोरी हसल्या, ‘सोवळी इनी, सोवळी इनी!’ सोवळी आली म्हणे! पंधरा वर्षांची पोर, किती दिवस हसणं सोसेल? तांब्या दप्तरातच रिकामा राहायला लागला, आणि मला कळलंच नाही.

यंदा आषाढात ती शाळेतून आली आणि माझ्यासमोर पाय केला. घोट्यावर फोड. मी हिशेब केला. वर्ष... गेल्या आषाढात सुट्टी संपून शाळा उघडली होती, आणि घरी तर वैशाखापासून गाळलेलंच पाणी. मंगलानं लुगडं तोंडाला लावलं, आणि मी... मी काय करणार, पऱ्हाटीची काडी शोधायला लागलो. माझ्या पायातला नारू मी शिव्या देत ओढला होता, हिच्या पायाला हात लावायची हिंमत होईना.

आणि दहावीलाही तोच स्वाध्याय, जरा मोठा करून! बसली इथंच, भिंतीला टेकून, पाय उशीवर, मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद. आकृती काढली. स्वतःच्याच पायाची, बघूनबघून, इतकी सुबक की नख नि नख. बाकीची पोरं आली होती काढायला, मी हाकलली, पण तीच म्हणाली, ‘येऊ द्या बापू, त्यास्ना बी गुण जातीन.’ मग पहिला प्रश्न लिहिला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्यापाशी पेन्सिल थांबली. माझ्याकडे बघितलं. ‘बापू, उपाय काय लिखू?’

तुम्हाला सांगतो, तेव्हा मनात आलं, सांगावं, काही लिहू नकोस, कागद फाड, उद्या दोघं बापलेक लंगडत जाऊन त्या पायऱ्यांवर बसू, बघू कोण उठवतो! तोंडाशी आलं होतं. पण तिचा चेहरा बघितला. तिला पहिलं यायचं होतं हो. म्हटलं, लिही बेटा, पायऱ्या बुजवाव्या, कठडा बांधावा, गडगडी बसवावी. पुस्तकातल्या मराठीत लिही, पाच गुण आहेत.

मिळाले. पैकीच्या पैकी. ती आत झोपलीय, ताप आहे अंगात, तुमचा आवाज ऐकून उठेल, म्हणून हळू बोला. तिला विचारू नका काही, जे विचारायचं ते मला विचारा, मला सगळे प्रश्न येतात. अरे, का एकमेकांकडे बघताय? तहान लागली ना? मंगला, तांब्या आण गं पाहुण्यांना! घ्या, बिनधास्त घ्या, आमच्या घरचं पाणी गाळलेलं आहे. आमच्या घरात नारू विहिरीतून येत नाही हो, शाळेतून येतो.