हाताला बसणारा रंधा

बहीण : अहो, ती विजेची करवतही बिलात घ्या.

दादा : घेऊ नका.

बहीण : घ्या!

दुकानदार : आधी तुम्ही दोघं ठरवा. तोवर मी स्क्रू मोजतो.

दादा : छकुले, अगं कालपरवा निवृत्त झालीस आणि आज अख्खं दुकान उचलायला निघालीस! यादी किती पानांची आहे?

बहीण : दोन. तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डातल्या याद्या भरल्या. ही माझी स्वतःची आहे.

दादा : आणि करणार काय एवढ्यानं?

बहीण : सुरुवातीला आईला पलंगावर चढायला पायरी. दर वर्षी ती बोटभर बुटकी होतेय, पलंग आहे तेवढाच.

दादा : एका पायरीला एवढी फौज? एक हातकरवत, एक रंधा, दोन पटाश्या, हातोडी, गुण्या. बास.

दुकानदार : गुण्या घ्याच, ताई. काटकोन चुकला की पायरी डुगडुगते.

बहीण : आणि हातानं करवत ओढून माझा खांदा डुगडुगेल त्याचं काय? मशीन कसं सरसर कापतं.

दादा : सरसरच कापतं. हे बघ.

(उजवा हात पुढे करतो. दोन बोटं अर्धीच आहेत.)

बहीण : मला काय दाखवतोस? रोजचं ड्रेसिंग मीच करायचे. तू छताकडे बघत बसायचास.

दादा : म्हणूनच सांगतोय. तुला काही झालं, तर मला ड्रेसिंग जमायचं नाही.

बहीण : ...बरं. अहो, मशीन काढून टाका बिलातून.

दुकानदार : काढलं.

बहीण : पण मग रंधा तू निवडायचास. हातात धरून.

दादा : इथूनच सांगतो ना. तो डावीकडचा, लाकडी.

बहीण : पेशंटचा ताप मी असा दारातून सांगितला असता, तर चाललं असतं?

दुकानदार : ही फळी घ्या. चालवून बघा.

दादा : नको हो. पकड राहिली नाही आता.

बहीण : निसटला तर माझ्या पायावर पडेल. चालव.

दादा : ...पातं फार बाहेर आलंय. कुणी लावलं हे?

दुकानदार : येतानाच तसं येतं.

दादा : ती लहान हातोडी द्या. बघ छकुले, मागून असं हळूच ठोकायचं, की पातं आत सरकतं. आणि जोर खांद्यानं नाही लावायचा, सगळं अंग पुढे न्यायचं. असं.

बहीण : अगं बाई! केवढी लांब साल निघाली! कुठं तुटलीसुद्धा नाही.

दुकानदार : पलीकडचं दिसतंय हो हिच्यातून!

दादा : लाकूड चांगलं आहे तुमचं. थांबा, कडेला जरा उंचवटा राहिलाय.

बहीण : दादा, फळी त्यांची आहे.

दादा : एवढा एकच हात मारतो.

बहीण : हे पाचव्यांदा म्हणतोयस.

दुकानदार : करू द्या हो त्यांना. सामान कुठं पाठवू?

बहीण : माझ्याकडे. मागच्या गॅलरीत जागा केलीय.

दादा : गॅलरीत? तिथं फळी वळवशील कशी? माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये पाठवा.

बहीण : दादा, चार वर्षं झाली. शेडचं दार उघडलं नाहीयेस तू.

दादा : हं. अहो, बिलात तेलाची एक लहान बाटली घाला. कुलूप गंजलं असेल.