काचेतली वाटी

मेक्सिकोतल्या तेपिकच्या बसस्थानकावर माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. आमच्याच डोंगरातल्या, विरारिका जमातीच्या.

"उतियामा, माझी वाटी सापडली."

"कुठली गं ताई?"

"पोरीच्या तापात झऱ्यावर वाहिलेली. भोपळ्याच्या वाटीत मेण थापून, एकेक मणी दाबून हरीण काढलं होतं. शेजारी माझी पोर."

"ती देवाला दिलेली. सापडेल कशी?"

"हॉटेलात काचेच्या कपाटात आहे. आत्ता बघून आले."

"दुसऱ्या कुणाची असेल. हरणं सगळ्याच काढतात."

"आणि पायाला सहा बोटं असलेली पोरसुद्धा?"

"सहा बोटं तर तुझ्याच पोरीला होती."

"पोर गेली तेव्हा गाव म्हणालं, हिनं व्रतात मीठ खाल्लं, म्हणून देवानं ऐकलं नाही. इतकी वर्षं मान खाली घालून जगले. अगं, वाटी चोरून माझं गाऱ्हाणं देवाकडे राहूच दिलं नव्हतं कुणी!"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. मालकिणीला विचारलं, कुणी आणून दिली? म्हणाली, लुसियानोनं."

"लुसियानो काय एकच आहे डोंगरात?"

"सोन्याच्या दाताचा एकच आहे."

"ताई, माझ्या नवऱ्यावर आळ घेऊ नकोस."

"मग सांग, मिठाची गोष्ट आधी कुणी काढली?"

"जुनं कशाला उकरतेस?"

"बोल की."

"त्यानं मला सांगितली. गावाला मी सांगितली."

"खरी वाटली तुला?"

"नवरा आहे ना गं माझा."

"आणि मी?"

"...बस लागली, ताई. चल, गाठोडं दे इकडे."

"राहू दे. तू पुढं बस. मी मागं बसते."